टाऊसची घुमघुम: ग्रामीण भागातील खर्जातल्या गूढ आवाजाचा शोध, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री दिवे मालवल्यावर, सारे गाव निजलेले असताना, दूर कोठेतरी मालट्रक उभा आहे आणि त्याचे इंजिन चालूच आहे असा खर्जातला आवाज एखाद्याला ऐकू येतो. त्याच खोलीत झोपलेल्या दुसऱ्याला मात्र काहीही ऐकू येत नाही. अमेरिकेतील टाऊस या गावाने हा अनुभव जगाच्या कानावर घातला. तेथील तपास, त्यातून हाती आलेले आणि निसटलेले दुवे, आणि असा आवाज आपल्या गावी येऊ लागला तर तो कसा शोधावा, यांविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

टाऊस कोठे आहे आणि तेथे नेमके काय घडले?

टाऊस हे न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तर भागातील, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवरचे छोटे गाव आहे. त्याच्या पूर्वेला सांग्रे दे क्रिस्टो पर्वतरांग आहे, पश्चिमेला रिओ ग्रँड नदीची खोल घळ आहे आणि आसपास मोठे कारखाने नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील काही रहिवाशांनी सतत घुमणाऱ्या एका खर्जातल्या आवाजाची तक्रार केली. इंग्रजी भाषकांनी त्याला ‘हम’ असे नाव दिले. या पानावर त्यासाठी ‘घुमघुम’ हा शब्द वापरला आहे. ज्यांची झोप उडाली होती अशा रहिवाशांनी आपले गाऱ्हाणे थेट अमेरिकी काँग्रेसपर्यंत नेले आणि १९९३ मध्ये रीतसर वैज्ञानिक तपास झाला. गावकऱ्यांच्या ‘आम्हाला काहीतरी ऐकू येते’ एवढ्या सांगण्यावरून राष्ट्रीय प्रयोगशाळांनी उपकरणे घेऊन यावे, ही गोष्ट आजही दुर्मीळच म्हणावी लागेल.

तो तपास कोणी केला आणि कसा केला?

न्यू मेक्सिको विद्यापीठातील प्राध्यापक जो मलिन्स यांच्या नेतृत्वाखालील पथकात सँडिया आणि लॉस अलामोस या राष्ट्रीय प्रयोगशाळांचे तसेच हवाई दलाच्या फिलिप्स प्रयोगशाळेचे तज्ज्ञ होते. या पथकाने कामाची जी दिशा ठरवली ती मला अतिशय शहाणपणाची वाटते, कारण त्यांनी उपकरणांइतकेच महत्त्व माणसांना दिले. ज्यांना आवाज येतो त्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांच्यासमोर वेगवेगळ्या वारंवारतांचे स्वर निर्माण करून ‘तुम्हाला येणारा आवाज यांपैकी कशाशी जुळतो’ असे विचारले गेले. त्याच वेळी हवेतील ध्वनी, जमिनीतील कंपने आणि विद्युतचुंबकीय संकेत टिपणारी उपकरणे लावण्यात आली.

परिसरातील रहिवाशांचे सर्वेक्षणही झाले. उत्तरे देणाऱ्या १,४४० जणांपैकी १६१ जणांनी असा आवाज येत असल्याचे सांगितले. हे प्रमाण ११ टक्क्यांच्या घरात जाते. परंतु ज्याला त्रास होतो तोच प्रश्नावली भरून पाठवण्याची शक्यता अधिक असते, म्हणून एकंदर लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे २ टक्के मानले गेले. गावपातळीवर असे सर्वेक्षण करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. केवळ तक्रारदारांची संख्या मोजली तर आवाज साऱ्या गावाला येतो असे वाटू लागते, आणि तक्रार न करणाऱ्यांना विचारलेच नाही तर तो किती जणांना येत नाही हे कधीच कळत नाही.

तपासातून काय निष्पन्न झाले?

ऐकणाऱ्यांनी जुळवलेले स्वर ३२ ते ८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३२ ते ८० कंपने, या पट्ट्यात होते आणि तो आवाज सेकंदाला अर्धा ते दोन वेळा कमी-जास्त होत असल्याचे त्यांनी सांगितले. मात्र निरनिराळ्या व्यक्तींनी निरनिराळा स्वर निवडला. बाहेर एकच यंत्र घुमत असते तर सर्वांचे उत्तर एका ठिकाणी यायला हवे होते. ते आले नाही. उपकरणांनाही या अनुभवाचे स्पष्टीकरण होईल असा हवेतील ध्वनी किंवा जमिनीतील कंपन सापडले नाही. विद्युतचुंबकीय नोंदींत वीजवाहिन्यांशी संबंधित संकेत होते, पण त्यांचा या आवाजाशी संबंध जोडता आला नाही. उगम अज्ञात राहिला, आणि पथकाने तसे प्रामाणिकपणे सांगितले.

मग तो केवळ भास होता असे म्हणायचे का?

नाही. येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि त्यातूनच तक्रारदारांवर अन्याय होतो. पहिला प्रश्न, त्या व्यक्तीला आवाज ऐकू येतो का. आणि दुसरा, तो बाहेरून येतो का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असू शकते. कानात किंवा श्रवणाशी निगडित मेंदूच्या भागात बाह्य ध्वनीशिवाय निर्माण होणाऱ्या आवाजाला कर्णनाद किंवा टिनिटस म्हणतात. तो बहुधा उंच पट्टीतला, शिट्टीसारखा किंवा रातकिड्यांसारखा असतो. परंतु खर्जातला कर्णनादही असतो, आणि तो बाहेरच्या इंजिनाच्या आवाजापासून वेगळा ओळखणे त्या व्यक्तीला स्वतःच्या प्रयत्नाने जवळजवळ अशक्य असते. अशा माणसाची झोपमोड खरी असते, थकवा खरा असतो. त्याला वेडगळ ठरवणे जितके चुकीचे, तितकेच पुरावा नसताना शेजारच्या कारखान्याला दोषी ठरवणेही चुकीचे आहे.

एकाच घरात एकाला आवाज येतो आणि दुसऱ्याला येत नाही, हे कसे?

आवाज पूर्णपणे बाहेरचा असला तरी असे घडू शकते, आणि हे समजून घेतल्यास घरातले निम्मे वाद मिटतील.

आपला कान खर्जातल्या आवाजांबाबत मंद असतो. १,००० हर्ट्झचा स्वर निरोगी तरुण कानाला २-३ डेसिबललाही (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक आहे) ऐकू येतो. ४० हर्ट्झचा स्वर ऐकू यायला मात्र सुमारे ५१ डेसिबल आणि २० हर्ट्झचा ऐकू यायला सुमारे ७८ डेसिबल लागतात. या सरासऱ्या आहेत. दोन निरोगी माणसांच्या श्रवणसीमेत काही डेसिबलचा फरक सहज असतो. खर्जात आणखी एक गोष्ट घडते: श्रवणसीमा ओलांडल्यावर थोड्याच डेसिबलच्या वाढीने आवाज झपाट्याने मोठा भासू लागतो. त्यामुळे पतीला ज्याचा पत्ताही नाही तोच आवाज पत्नीला असह्य वाटू शकतो, आणि दोघेही खरे बोलत असतात.

दुसरे कारण खोलीच्या मापात आहे. ४० हर्ट्झच्या आवाजाची हवेतील तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. खोलीची लांबी तिच्या निम्मी, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास असेल, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग उभा राहतो. भिंतींलगत आवाज सर्वांत मोठा आणि खोलीच्या मध्यभागी सर्वांत क्षीण होतो. भिंतीला टेकून असलेल्या उशीवर डोके ठेवणाऱ्याला तो येतो, आणि खात्री करायला येऊन खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याला येत नाही.

आवाज रात्री, घरात आणि खेडेगावातच अधिक का जाणवतो?

दिवसा माणसांची, गुरांची, वाहनांची वर्दळ त्याला झाकून टाकते. शहरात ही वर्दळ रात्रीही असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार होते, त्यामुळे वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि एरवी न पोहोचणारे आवाज काही किलोमीटर दूरवर पोहोचतात. वाटेत हवा उंच पट्टीतले स्वर शोषून घेते, खर्ज मात्र फारसा शोषत नाही; भिंतीही तेच करतात. म्हणजे दूरच्या यंत्राच्या आवाजातली ओळखीची खडखड गळून जाते आणि खाटेपर्यंत येतो तो केवळ चेहरा नसलेला घुमारा. गूढपणाचा मोठा भाग येथेच आहे, असे माझे मत आहे.

अशा आवाजाचा उगम कधी सापडला आहे का?

हो, आणि ती उदाहरणे टाऊसइतकीच माहीत असायला हवीत. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील कोकोमो या गावी १९९९ च्या सुमारास तक्रारी सुरू झाल्या. नगर प्रशासनाने ध्वनितज्ज्ञांकडून करवलेल्या २००३ च्या तपासात दोन औद्योगिक उगम सापडले: एका कारखान्याच्या शीतकरण मनोऱ्याच्या पंख्यांचा ३६ हर्ट्झचा स्वर आणि दुसऱ्या कारखान्याच्या हवा दाबणाऱ्या यंत्राचा १० हर्ट्झचा स्वर. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती झाल्यावरही काही रहिवाशांची तक्रार कायम राहिली. एकाच गावात आवाज ऐकणाऱ्या सर्वांचे कारण एकच असेल असे नसते, हा कोकोमोचा धडा आहे.

कॅनडातील विंडसर शहरात २०११ पासून हजारो लोकांना ३५ हर्ट्झच्या आसपासचा घुमारा ऐकू येत होता. विंडसर विद्यापीठाच्या पथकाने २०१४ मध्ये, नदीपलीकडे अमेरिकेच्या हद्दीतील झग बेटावरचा पोलाद कारखाना हा संभाव्य उगम असल्याचे दाखवले. आंतरराष्ट्रीय सीमेमुळे प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन मोजमाप करणे कठीण होते. एप्रिल २०२० मध्ये तेथील झोतभट्ट्या थंडावल्या आणि आवाजही थांबला. इतका निर्विवाद पुरावा क्वचितच मिळतो.

कॅलिफोर्नियातील सॉसालिटो येथे १९८० च्या दशकाच्या मध्यावर नौकाघरांत राहणाऱ्यांची झोप उडवणारा आवाज निघाला तो एका जातीच्या माशाचा. विणीच्या हंगामात नर मासे मादीला बोलावण्यासाठी सुमारे १०० हर्ट्झचा स्वर तासन्‌तास काढतात, आणि नौकांचे तळ तो वर पोहोचवतात.

लष्कराचे गुप्त प्रयोग, पाणबुड्यांशी संपर्क साधणाऱ्या लहरी यांचा काही संबंध आहे का?

अमेरिकी नौदलाची विस्कॉन्सिन आणि मिशिगन येथील ७६ हर्ट्झची प्रक्षेपण यंत्रणा १९८९ ते २००४ या काळात खरोखरच कार्यरत होती, त्यामुळे ही शंका अगदीच निराधार नव्हती. परंतु रेडिओलहरी हा ध्वनी नव्हे. वारंवारतेचा आकडा सारखा असला तरी कानाच्या पडद्याला हलवण्यासाठी हवेचा दाब बदलावा लागतो. सूक्ष्मलहरींच्या तीव्र स्पंदांनी डोक्यात आवाज उमटू शकतो हे प्रयोगांत दिसले आहे; पण तो टिकटिक किंवा उंच पट्टीतला झणझणाट असतो, ट्रकच्या इंजिनासारखा खर्ज नव्हे. रेडिओलहरींनी वातावरणाच्या वरच्या थराचा अभ्यास करणाऱ्या अलास्कातील हार्प प्रकल्पाचे नावही घेतले जाते. त्याचे बांधकाम १९९३ मध्ये सुरू झाले आणि टाऊसच्या तक्रारी त्याआधीच्या आहेत.

पृथ्वी स्वतः घुमते असे वाचले आहे. तोच हा आवाज असेल का?

नाही. समुद्राच्या लाटांमुळे पृथ्वीच्या कवचात अखंड सूक्ष्म कंपने होतात हे खरे आहे आणि फ्रेंच संशोधक फाब्रिस आर्दुआँ यांच्या २०१५ च्या संशोधनाने त्यांचे चांगले स्पष्टीकरण दिले. पण त्यांचे एक आवर्तन पूर्ण व्हायला १३ ते ३०० सेकंद लागतात. मानवी कानासाठी सेकंदाला २० च्या आसपास आवर्तने हवीत.

मोबाइलवर आवाज मुद्रित होत नाही. म्हणजे तो नाहीच, असे समजावे का?

तसे समजू नये. मोबाइल बोलणे टिपण्यासाठी घडवलेला असतो आणि वाऱ्याची फडफड टाळण्यासाठी त्यात खर्ज बराचसा गाळला जातो. नेहमीच्या ध्वनिमापकावरील ‘ए’ भारित मोजणीही, म्हणजे कानाच्या मंदपणाचा हिशेब धरून खर्जाला कमी वजन देणारी मोजणीही, ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा करते. खोलीत ४० हर्ट्झचा ६० डेसिबलचा स्वर असेल, म्हणजे श्रवणसीमेच्या स्पष्टपणे वर असेल, तर अशा मापकावर त्याचा वाटा जेमतेम २५ डेसिबल दिसतो. मापक घेऊन आलेला अधिकारी ‘येथे तर अगदी शांतता आहे’ असे म्हणून निघून जातो आणि आपल्याला खोटे ठरवले गेले असे तक्रारदाराला वाटते. म्हणून अगदी खालच्या वारंवारता टिपणारा मायक्रोफोन हवा, भार न लावता केलेली नोंद हवी आणि ध्वनीचा वर्णपट, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात किती डेसिबल आहेत याचा आलेख, काढायला हवा. मोजणी तक्रारदाराच्या उशीजवळ आणि खोलीच्या कोपऱ्यांत करावी. अंगणात मोजायचे झाल्यास वारा पडलेला असताना आणि मायक्रोफोनवर फोमचे आवरण घालूनच मोजावे, अन्यथा वाराच खर्ज म्हणून नोंदला जातो.

आमच्या गावात असा आवाज येत असेल तर शोधाची सुरुवात कशी करावी?

वहीपासून करावी. आवाज केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, वारा कोणत्या दिशेचा होता, आकाश कसे होते, तो घरात कोठे मोठा वाटला, हे किमान दोन आठवडे लिहावे. ज्यांना आवाज येतो त्यांनी स्वतंत्रपणे लिहावे आणि मुदत संपेपर्यंत एकमेकांच्या वह्या पाहू नयेत. सर्वांच्या वेळा जुळल्या तर उगम बाहेर असल्याचा तो भक्कम पुरावा होतो, आणि तो मिळवण्यासाठी एक पैसाही लागत नाही.

त्यानंतर एका रात्री घरचा मुख्य स्विच बंद करावा. फ्रीज, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर यांपैकी काही असेल तर शोध तेथेच संपतो. गावभर वीज गेली असताना आवाज येतो का, याची नोंद तर सोन्यासारखी आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज कधी दिवसा तर कधी रात्री अशी पाळीने मिळते. त्या वेळापत्रकाशी वहीतील वेळा ताडून पाहाव्यात. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होताच आवाज सुरू होत असेल तर बॉयलरच्या मोठ्या पंख्यांकडे लक्ष द्यावे. शीतगृह, कुक्कुटपालनाच्या शेडमधील पंखे, खडी क्रशर, मोबाइल टॉवरचा जनरेटर, पवनचक्क्या, सार्वजनिक पाणीपुरवठ्याची पंपगृहे, हे सर्व नकाशावर मांडावे.

वर्णपट मिळाल्यास आकडे बोलू लागतात. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने रोहित्राचा, म्हणजे गावच्या भाषेत डीपीचा, मूळ स्वर १०० हर्ट्झ असतो; अमेरिकेत तो १२० असतो. मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेणारी मोटर २४ हर्ट्झचे आणि २,८८० फेरे घेणारी ४८ हर्ट्झचे कंपन देते. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर उभ्या असलेल्या सहा सिलिंडरच्या ट्रकचा स्वर ३० हर्ट्झ निघतो, आणि ऐकणारे त्याच उपमेचा आधार घेतात यात नवल नाही. शेजारच्या दोन मोटरींच्या वेगात किंचित फरक असेल तर त्यांचे स्वर एकमेकांत मिसळून आवाज हळूहळू चढतो-उतरतो. एकीचा स्वर २४ आणि दुसरीचा साडेचोवीस हर्ट्झ असेल तर दर दोन सेकंदांनी एक चढ येतो. अशी लय ऐकू आली तर जवळजवळच्या दोन यंत्रांचा शोध घ्यावा.

संशयित यंत्र सापडल्यावर सर्वांत महत्त्वाची चाचणी करावी. मालकाच्या संमतीने एका व्यक्तीने ते यंत्र ठरलेल्या रात्री मनास येईल तसे चालू-बंद करावे आणि वेळा लिहून ठेवाव्यात. ऐकणाऱ्यांना, आणि त्यांच्याजवळ बसून नोंद घेणाऱ्यालाही, त्या वेळा माहीत नसाव्यात. पहाटे दोन्ही कागद समोरासमोर ठेवावेत. मालकाला आधीच गुन्हेगार ठरवले तर तो या चाचणीला कधीच तयार होणार नाही, म्हणून बोलणी गावातील वडीलधाऱ्यांमार्फत आणि समजुतीने करावीत.

कानात बोळे घातले तरी आवाज येतो. यावरून काय कळते?

यावरून फारसे काही कळत नाही. बोळे उंच स्वर चांगले अडवतात, खर्ज मात्र कमी. शिवाय कान बंद केल्यावर शरीरातील आवाज अधिक मोठे वाटतात. त्यापेक्षा चाळीस-पन्नास किलोमीटर दूरच्या नातेवाइकांकडे, शांत जागी, काही रात्री राहून पाहावे. तेथेही तोच स्वर तसाच येत असेल तर तो शरीरातलाच असण्याची शक्यता खूप वाढते. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणतपासणी करून घ्यावी. कर्णनाद पूर्ण गेला नाही तरी त्याचा जाच कमी करण्याचे उपाय आहेत.

लातूर आणि पालघर जिल्ह्यांत जमिनीतून आलेले आवाज याच प्रकारचे होते का?

ते वेगळे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात हासोरी येथे जमिनीतून गूढ आवाज येत असल्याचे ग्रामस्थांनी सांगितले, आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप न विसरलेल्या त्या भागात किती भीती दाटली असेल ते सांगायला नको. पालघरच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून लहान भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा धक्क्यांबरोबर आवाजही येत आणि लोक थंडीत घराबाहेर झोपत. कमी खोलीवरील अगदी लहान भूकंपाची कंपने जमिनीतून हवेत शिरतात आणि तोफेसारखा किंवा गडगडाटासारखा आवाज होतो. कधी धक्का जाणवत नाही, नुसता आवाजच येतो. घुमघुम तासन्‌तास चालते, हे आवाज क्षणभराचे असतात. ते आल्यास वही आणि मायक्रोफोनची वाट न पाहता तहसील कार्यालयाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला नेमकी वेळ कळवावी, म्हणजे भूकंपमापकाच्या नोंदीशी ती पडताळता येते.

कायद्याचा आधार मिळतो का?

अपुरा मिळतो. आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियम २००० मधले आहेत आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे. परंतु ही मोजणी ‘ए’ भारित आहे. ४० हर्ट्झचा स्वर तब्बल ८० डेसिबलपर्यंत चढला तरी तो या मोजणीत रात्रीच्या मर्यादेच्या आसपासच राहतो, आणि तेवढ्या आवाजात कोणी झोपू शकणार नाही. ब्रिटनमध्ये सॅलफर्ड विद्यापीठाने २००५ मध्ये १० ते १६० हर्ट्झच्या प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी संदर्भपातळी सुचवली. ४० हर्ट्झसाठी ती ४९ डेसिबल आहे. जर्मनीतही खर्जासाठी स्वतंत्र मानक आहे. आपल्या नियमांत अशी तरतूद व्हावी, अशी मागणी ग्रामसभांनी ठराव करून करायला हवी असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज देताना सोबत वह्यांच्या प्रती आणि चालू-बंद चाचणीचे दोन्ही कागद जोडावेत, आणि वर्णपटासह, भार न लावलेली मोजणी रात्रीच्या वेळी घरात येऊन करावी, अशी लेखी विनंती त्यात स्पष्ट शब्दांत करावी.